गोड कमी आहे

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या असतील, पण बोलल्या सासूच्या वरताण. म्हणाल्या, "साखर अजून हाताबाहेर गेलेली नाही, पण तुमचं असंच चालू राहिलं तर वर्षभरात जाईल. गोड किती खाता?"

मी म्हटलं, "माझी नोकरीच ती आहे. बिस्किटांच्या कारखान्यात चाखायचं काम करते. अठ्ठावीस वर्षं झाली."

"दिवसाला किती बिस्किटं होतात?"

"असतील वीस-बावीस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि घरी?"

"घरी काय, चहाबरोबर दोन." शेजारच्या खुर्चीत हे बसले होते, ते खाकरले. "चार," मी म्हटलं. हे परत खाकरले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचा खोकला त्यांनी गिळला.

तर ही वही त्या बाईंच्या हुकमावरून. जे गोड तोंडात जाईल ते लिहायचं. कधी, किती, आणि खाताना काय करत होता. हे शेवटचं कशाला ते मला कळलं नाही. खाताना माणूस काय करतो? खातो.

५ मार्च, बुधवार

आज खरंच मोजलं. एकतीस. त्यात ट्रेमधले तुकडे धरलेले नाहीत, तुकड्यांना कोण मोजतं.

खाताना काय करत होते: फोनवर बोलत होते, पॅकिंगच्या पोरींना झापत होते, सह्या करत होते, जिना चढत होते. एकदा तर बिस्कीट तोंडात असताना दुसरं हातात होतं आणि नजर तिसऱ्यावर. "खात होते" असं एकदाही लिहिता आलं नाही. जाऊ दे.

डॉक्टरीणबाईंना कामाची कल्पना नाही म्हणून इथे लिहून ठेवते. दर घाण्यातलं एक-एक बिस्कीट माझ्या टेबलावर येतं. मी चावते, ठरवते, आणि चिठ्ठी लिहून भट्टीवर पाठवते. मीठ जास्त, खमंगपणा नाही, ठीक, असं. भट्टीमास्तर ती चिठ्ठी वाचून भिंतीवरच्या तारेत खोचतात आणि पुढच्या घाण्यात फरक करतात. पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखाली. जुन्या साहेबांनी घालून दिलेली पद्धत आहे ही, चिठ्ठीपुढे कोणाचं चालत नाही.

आज आल्याच्या बिस्किटाला लिहिलं, "गोड कमी आहे." हल्ली रोजच लिहावं लागतं. मास्तरांनी साखरेला हात आखडता घेतलाय, देव जाणे का.

७ मार्च, शुक्रवार

धाकट्या साहेबांनी खोलीत बोलावलं. टेबलावर पत्रांचा गठ्ठा. आल्याचं बिस्कीट म्हणजे आमच्या कारखान्याचं नाव, त्याच्यावर हा कारखाना उभा राहिला. आणि लोक लिहितात, बिस्कीट दगडासारखं झालंय, कडा करपलेल्या असतात. एका आजोबांचा दात हलला म्हणे. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही रोज खाता. काय चुकतंय?"

मी खरं ते सांगितलं. मास्तरांचा हात पूर्वीसारखा राहिला नाही. भाजणं जमत नाही, गोडीला कमी पडतात. वय झालं. ते अठ्ठावन्न, मी छप्पन्न, पण भट्टीसमोर उभं राहणं वेगळं.

साहेब "हूं" म्हणाले. मला वाईट वाटलं, पण उगीच कोणाची भीड कशाला धरायची.

८ मार्च, शनिवार

आजपासून गोड बंद. पूर्ण बंद. साखरेचा डबा माळ्यावर टाकला. कारखान्यात चावेन आणि कागदात थुंकेन, बाकी काही नाही. एकदा मनावर घेतलं की मी घेतलंच.

हे म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी बंद करायला सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, "तुम्ही तुमची घड्याळं बघा." पुढच्या खोलीत यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल आहे. डोळ्याला भिंग लावून बसले की अर्धा दिवस आवाज नाही.

११ मार्च, मंगळवार

डोकं ठणकतंय. चमचा जागेवर नाही म्हणून यांच्यावर ओरडले. चमचा जागेवर होता. नंतर चमचा जागेवर का होता म्हणूनही ओरडावंसं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

क्रीमच्या बिस्किटांचं एक पाकीट. आख्खं. दुपारी चार वाजता, गोदामात, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या मागे, उभ्याने.

खाताना काय करत होते: लपत होते.

लाज वाटली म्हणून इथे लिहिणारच नव्हते. मग म्हटलं, आपण वहीशीही खोटं बोलायला लागलो तर कठीण आहे.

१५ मार्च, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी वही वाचली. खोक्यांच्या पानावर हसल्या, पण वाईट नाही हसल्या. "तुम्हाला बंद करायला सांगितलं कोणी? जे बंद करता येत नाही ते बंद केलं की असंच होतं. एक खा. दिवसातून एक. पण ताटलीत घेऊन, बसून, आणि दुसरं काहीही न करता. तोंडातलं संपेपर्यंत हात मांडीवर."

मी म्हटलं, "एका बिस्किटाने काय होणार?"

त्या म्हणाल्या, "तेच बघा की काय होतं."

१६ मार्च, रविवार

सकाळी ताटली घेऊन बसले, तर हे घड्याळ घेऊन समोर हजर. वेळ लावणार म्हणे. चाळीस सेकंदांत बिस्कीट गडप.

"एवढ्या वेळात माझं घड्याळाचं झाकणसुद्धा उघडत नाही," हे म्हणाले.

"चव कशी होती?" असंही विचारलं. मला सांगता येईना. अठ्ठावीस वर्षं चव सांगण्याचा पगार घेते मी. म्हटलं, "चांगली होती." लहान मुलगीही याच्यापेक्षा जास्त सांगेल.

२४ मार्च, सोमवार

आता चार मिनिटांवर आलेय. पहिले काही दिवस हात सारखा ताटलीकडे जायचा, आपोआप, माझं काही ऐकायचाच नाही. मांडीखाली दाबून बसत होते. आता तसं करावं लागत नाही.

एक गंमत लिहायची आहे. काल रात्रीच्या जेवणात गाजर होतं, नुसतं उकडलेलं. ते गोड लागलं. मी यांना विचारलं, "यात साखर घातलीत का?" हे म्हणाले, "गाजर गोडच असतं." आज दूधही गोड लागलं, काही न घालता. छप्पन्न वर्षांची बाई मी, आणि दुधाला स्वतःची गोडी असते हे मला आज नव्याने कळावं. मनातून फार बरं वाटलं. का कोण जाणे, थोडं रडूही आलं.

कारखान्यात चावते आणि थुंकते. पॅकिंगच्या पोरी माझ्या पाठीमागे हसतात, हसू देत. घाईघाईत चावून थुंकलेल्याचं काय कळणार, म्हणून हल्ली बहुतेक चिठ्ठ्यांवर "ठीक" लिहून मोकळी होते.

२९ मार्च, शनिवार

आज रोजचं एक बिस्कीट कारखान्यातच खायचं ठरवलं, आणि आपलं आल्याचंच. दार लावून घेतलं. ताटली, खुर्ची, हात मांडीवर.

पहिला घास, नुसती साखर. दुसरा घास, साखर. थांबले. आलं मागाहून येतं, जिभेच्या मुळाशी, हे मला माहीत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी जुन्या साहेबांनी मला ते शिकवलं होतं. वाट बघितली. आलं आलंच नाही. दातांना चिकटलेली साखर तेवढी राहिली, घसा खवखवायला लागला. अर्धं बिस्कीट ताटलीत तसंच टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

असा संताप आला. तशीच उठले आणि साहेबांच्या खोलीत. म्हटलं, "मास्तर साखर ओततायत नुसती. आल्याचा पत्ता नाही."

साहेब म्हणाले, "मागे तुम्हीच म्हणालात गोडीला कमी पडतात."

"तेच तर सांगतेय. कधी कमी, कधी जास्त. मापच राहिलेलं नाही त्यांना."

साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाले, "ठीक आहे बाई. आता मला काहीतरी करायलाच हवं."

बरं झालं. नाव बुडायच्या आत कोणीतरी बोलायला हवंच होतं.

२ एप्रिल, बुधवार

मास्तरांना आजपासून घरी बसायला सांगितलं. "विश्रांती घ्या" असं म्हणाले म्हणे साहेब. एकोणीस वर्षं भट्टीवर होते. त्यांनी एप्रन धुऊन, घडी घालून आणला होता, तो कपाटात ठेवला. जाताना माझ्या दाराशी थांबले.

मला वाटलं काही बोलतील. ते म्हणाले, "येतो बाई."

मी म्हटलं, "तब्येतीला जपा." याच्याहून वेगळं काय म्हणणार?

आजचं बिस्कीट खाल्लं नाही. इच्छाच झाली नाही.

३ एप्रिल, गुरुवार

भट्टीवर आता वेफर विभागातला माणूस आणलाय. त्याने ऑफिसातला मूळ कागद मागवला. आल्याच्या बिस्किटाला एका घाण्यात साखरेची आठ मापं, असं जुन्या साहेबांच्या अक्षरात आहे. भट्टीशेजारच्या पाटीवर मास्तरांच्या अक्षरात साडेअकरा.

मी म्हटलं, "बघा. मी सांगत नव्हते?"

तो म्हणाला, "पण बाई, इथे तुमच्या चिठ्ठ्या आहेत."

तार भरली की मास्तर चिठ्ठ्या काढून सुतळीने गठ्ठे बांधायचे, वर्षावार. फळीवर नऊ गठ्ठे. मी उभ्याने एक सोडला, मग दुसरा, मग खाली पिठाच्या पोत्यावरच बसले.

गोड कमी आहे. गोड कमी आहे. गोड कमी आहे. अक्षर माझं, सही माझी. सलग सहा दिवस तसं आलं की त्यांनी पाव माप वाढवलेलं, आणि त्या चिठ्ठीच्या मागे तारीख लिहिलेली. नऊ वर्षांत चौदा वेळा. काही चिठ्ठ्यांच्या मागे आणखी एखादी ओळ, पेन्सिलीने: "साखरेमुळे लवकर लाल होतंय. आच कमी केली." "गार झाल्यावर कडक होतं. आच आणखी कमी." "आता आलं लागत नाही."

"गोड जास्त आहे" अशी चिठ्ठी शोधली. सगळे गठ्ठे सोडले. एक नाही.

मास्तरांचा हात जिथल्या तिथे होता. जीभ माझी बधिर होत गेली, आणि गावभर लोकांनी माझ्या जिभेच्या मापाने साखर खाल्ली.

५ एप्रिल, शनिवार

कोणाला बोलले नाही. खरं सांगायचं तर बोलू नये असंच वाटतंय. वेफरवाल्याला काय, तो आठ मापं घालेल आणि गप्प बसेल. चिठ्ठ्या रद्दीत गेल्या की संपलं. माझी चार वर्षं उरलीत. चाखणारीची जीभ गेली म्हटल्यावर तिचं उरतं काय? आणि मास्तर तसेही दोन वर्षांत निवृत्त झालेच असते. हे शेवटचं वाक्य मी खोडणार होते. राहू दे, म्हणजे मी कशी आहे ते मला नंतर वाचता येईल.

संध्याकाळी चार बिस्किटं. खाताना काय करत होते: विचार करायचं टाळत होते.

आता कळलं डॉक्टरीणबाई हे का लिहायला सांगतात.

हे समोरच बसले होते. घड्याळ लावलं नाही. मग मीच सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, मी माझा चहा किती वर्षं तू साखर टाकायच्या आधी काढून घेतो, बघितलंस का कधी?"

"मला वाटायचं तुम्हाला घाई असते."

"घड्याळवाल्याला कसली घाई," हे म्हणाले.

"मग सांगायचं ना."

त्यावर ते भिंग पुसायला लागले. मला राग आला. यांच्यावर नाही.

७ एप्रिल, सोमवार

नऊ गठ्ठे कापडी पिशवीत घालून साहेबांच्या टेबलावर ठेवले. सगळं सांगितलं. डॉक्टर, साखर, खोक्यांच्या मागचं पाकीटही सांगून टाकलं, आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं.

साहेबांनी बराच वेळ चिठ्ठ्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. म्हणाले, "म्हणजे मी चुकीच्या माणसाला घरी पाठवलं."

"हो."

"तुमच्या सांगण्यावरून."

"हो."

"मास्तरांना मी परत बोलावतो. तुमच्या जागेचं मात्र मला बघावं लागेल, बाई. एकट्या जिभेवर कारखाना सोडता येणार नाही यापुढे."

बरोबर आहे त्यांचं. बाहेर आले तर पॅकिंगची एक पोर म्हणाली, "बाई, पाणी देऊ?" चेहरा तसा झाला असणार. मी म्हटलं, "काम कर." मग परत फिरून तिच्याकडून पाणी घेतलं.

मास्तरांना बोलावणं साहेबांचं जाईल. पण त्यांच्या घरी मीच गेलं पाहिजे.

८ एप्रिल, मंगळवार

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांच्या घरी गेले. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या बायकोने दार उघडलं. मी कोण ते सांगितलं, तर म्हणाल्या, "चिठ्ठीवाल्या बाई ना?" आणि तोंडावरचं हसू तिथेच थांबलं. तरी आत बोलावलं.

मास्तर खिडकीशी खुर्ची दुरुस्त करत बसले होते. मी बसले नाही. येताना वाटेत तोंडपाठ केलं होतं तेवढं उभ्यानेच बोलले. चूक माझी होती, साहेबांना सांगितलंय, तुम्ही परत या, मला माफ करा.

मास्तर म्हणाले, "मला माहीत होतं बाई."

"कधीपासून?"

"दुसरं की तिसरं पाव माप टाकलं तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत? नऊ वर्षं तुम्ही माझी चिठ्ठी वाचून मुकाट साखर टाकत राहिलात?"

त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. शांतपणे म्हणाले, "बोललो होतो. एकदा तुमच्या खोलीत आलो होतो, बिस्कीट घेऊन. म्हटलं, बाई, हे गोड व्हायला लागलंय. तुम्ही फोनवर होता. फोनवर हात ठेवून म्हणालात, मास्तर, तुम्ही भट्टी बघा, जीभ मी बघते."

मी खाली बसले.

त्यांच्या बायकोने चहा आणला. साखर वेगळ्या वाटीत, चमचा बाजूला. मी वाटीला हात लावला नाही. तशीच बसून चहा संपवला. निघताना मास्तर म्हणाले, "विचार करतो."

घरी आल्यापासून तो दिवस आठवायचा प्रयत्न करतेय. ते कधी आले, फोन कोणाचा होता, मी काय खात होते. काही म्हणजे काही आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. अगदी माझ्या आवाजात ऐकू येतं.

१५ एप्रिल, मंगळवार

मास्तर काल आले. मला म्हणाले, "नमस्कार बाई," बाकी काही नाही. साहेबांनी मला तूर्त टेबलावर ठेवलंय, पण चिठ्ठीवर दोन सह्या लागणार. दुसरी कोणाची ते मीच सुचवलं. साहेब म्हणाले, "भट्टीवाले कधी चाखत नाहीत, आपली पद्धत नाही तशी." मी म्हटलं, "पद्धतीनेच तर एवढं झालं."

मास्तरांनी एकदम आठवर नाही आणलं. लोकांच्याही जिभा सवयीच्या असतात, हळूहळू उतरू, म्हणाले. आजचा पहिला घाणा नऊ मापांचा.

यापुढे चिठ्ठी माझ्या खोलीत लिहायची नाही असं मी ठरवलंय. भट्टीपाशी गेले. दोन स्टुलं ओढली, मध्ये ताटली, तीत दोन बिस्किटं. मास्तर अवघडून बसले. मी म्हटलं, "घाई करायची नाही. हात मांडीवर." त्यांनी खरंच ठेवले.

पाच मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता खात होतो. वेफरवाला आमच्याकडे बघत उभा. मला पहिल्या घासाला साखर लागली, बेताची, मग लोणी, आणि मग अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी, आलं. अंगावर काटा आला. किती वर्षांनी. मनात म्हटलं, जमलं. चिठ्ठीवर "ठीक" लिहायला पेन उघडलंसुद्धा.

मग पेन बंद केलं आणि विचारलं, "मास्तर, तुम्हाला कसं वाटतं?"

त्यांनी तोंडातलं संपवलं. पाण्याचा घोट घेतला. माझ्याकडे बघून, जरा बिचकतच, म्हणाले, "अजून गोड आहे, बाई."

मला ते अजिबात गोड लागत नव्हतं. मी पेन परत उघडलं आणि लिहिलं, "गोड जास्त आहे." खाली सही केली आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली.